मोखाड्याच्या एका केंद्रातल्या शिक्षकांसाठी नेटवर्क: २०२४ च्या कामाच्या नोंदी

आधी थोडं मागचं. मी भांडुपला राहते, ऑफिसांमधलं नेटवर्किंग हे माझं रोजचं काम. मावसभाऊ पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. २०२३ च्या दिवाळीत घरी आला तेव्हा सांगत होता की तालुक्याला प्रशिक्षण असलं की एकाने जायचं आणि दुसऱ्याने चारही वर्ग एकट्याने सांभाळायचे, आणि तो दुसरा रजेवर असला तर त्या दिवशी शाळेला कुलूप. मला वाटलं हे प्रशिक्षणाचं काम तर तारेवरून आणि हवेतून होण्यासारखं आहे, माझ्याच हातातलं आहे. पैसे मी, भाऊ आणि ऑफिसातल्या चौघांनी मिळून घातले. केंद्रप्रमुख मॅडमनी परवानग्यांचं सगळं बघितलं. ज्यांना असलंच काही करायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी, चुकांसकट.

१३ जानेवारी, शनिवार

पाहणी. ठाण्याहून सकाळची कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने विहीगाव करत खोडाळा, पुढे भावाच्या बाइकवर. केंद्रात नऊ शाळा, एकवीस शिक्षक. केंद्रशाळेत फोरजी येतं, दोन पाड्यांवर शाळेमागच्या टेकडीवर चढलं तर एखाद-दोन काड्या, बाकी सहा ठिकाणी काहीच नाही.

दुपारी १ वाजता केंद्रशाळेच्या ओट्यावर स्पीड बघितला, डाउनलोड ६ एमबीपीएस, अपलोड १.१. वहीत लिहिलं "चालेल". पहिली चूक इथेच झाली, मी एकदाच मोजलं. नंतर भावाला आठवडाभर सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ५ आणि रात्री १० ला मोजायला सांगितलं तेव्हा संध्याकाळचा अपलोड ०.३ निघाला, पण तोपर्यंत मी सामानाची यादी पक्की करून टाकली होती. तुम्ही करणार असाल तर आठवडा मोजा, आणि अपलोड वेगळ्या रकान्यात लिहा.

केंद्रप्रमुख मॅडमना मी अर्धा तास माझी कल्पना सांगत होते, मुंबईहून लाइव्ह व्हिडिओ, नऊ शाळा एकदम, रेकॉर्डिंग वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, सांगणारे पुष्कळ येतात. आमच्या गुरुजींना काय अडतंय ते कुणी विचारत नाही, त्याची काही सोय होईल का बघा." मी होईल म्हटलं. त्याचा अर्थ मला एप्रिलमध्ये कळला.

३ फेब्रुवारी, शनिवार

खरेदी. लॅमिंग्टन रोडला रेडिओ (दूरच्या दोन ठिकाणांमध्ये बिनतारी डेटा नेणारे), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय), राउटर. लोहार चाळीत वायर, क्लॅम्प आणि अर्थिंगचं सामान बघून आले पण अर्थिंगचं "पावसाच्या आधी घेऊ" म्हणून ठेवलं. त्याचं काय झालं ते जूनमध्ये.

५.८ गिगाहर्ट्झचे २३ डीबीआय (डिश सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) डिशवाले रेडिओ चार, प्रत्येकी ४,८००. पाय फोर आणि त्याचा डबा, ॲडॅप्टर मिळून ७,२००. बाहेरच्या अँटेनाचा फोरजी राउटर ६,४००. बाहेर टाकायची केबल १२० मीटर, २८ रुपये मीटरने. १०० ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि चार्जर १२,५००, ही मात्र तिकडच्याच बाजारातून घेतली, लोकलने न्यायचा प्रश्नच नव्हता. आणि एक वेबकॅमेरा ७,५०० चा, तो आज माझ्या कपाटात पडून आहे.

योजना अशी होती: केंद्रशाळेत एक छोटा सर्व्हर, त्यावर मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) आणि सगळे व्हिडिओ. टेकडीवाल्या दोन शाळांना केंद्रशाळेतून रेडिओ लिंक, एक ४.२ किलोमीटर, दुसरी २.६. उरलेल्या सहा शाळांचे शिक्षक केंद्रात येतील तेव्हा फोनवर उतरवून नेतील.

१७ ते २९ फेब्रुवारी

सर्व्हर १७ ला लावला आणि २६ ला मेला. भावाचा मेसेज, "लाल लाइट आहे, हिरवा लागतच नाही." मेमरी कार्ड करप्ट झालेलं. तेव्हा बॅटरी जोडायची राहिली होती आणि तिकडे दिवसातून पाच-सहा वेळा वीज जाते, प्रत्येक वेळी कार्डावर काहीतरी लिहिणं चालू असताना. ४८० जीबीची एसएसडी घेतली, ३,६०० ला ॲडॅप्टरसकट, सिस्टिम त्यावर टाकली, लॉग रॅममध्ये लिहायला लावले आणि बॅटरी आधी जोडली मगच सर्व्हर चालू केला. त्यानंतर आजपर्यंत एकदाही गेला नाही.

दुसरं, मुंबईतून त्या सर्व्हरला हात लावता आला पाहिजे म्हणून वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खाजगी वाट. मोबाइल सिमला बाहेरून पोचता येत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे खूप लोक बसवते, त्यामुळे तिकडच्या सर्व्हरने माझ्या व्हीपीएसला (भाड्याने घेतलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) फोन लावायचा आणि दर २५ सेकंदांनी लाइन जिवंत ठेवायची अशी रचना. व्हीपीएस मुंबईतलाच, महिन्याला ४८०. सगळं लावलं, पिंग (पलीकडे पोचतंय का बघणारा छोटा संदेश) जात होतं, लॉगिन होत होतं, पण मूडलचं पान उघडायला गेलं की अडकायचं आणि फाइल पाठवली की सुरुवातीलाच थांबायची. दोन रात्री मी फायरवॉल उचकत बसले. शेवटी एमटीयू निघाला, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार. मोबाइल नेटवर्कवर मोठी पाकिटं मध्येच कुठेतरी गळत होती, लहान जात होती म्हणून पिंग व्यवस्थित. १४२० चा १२८० केला आणि दोन मिनिटांत सगळं चालू. पिंग चालतंय पण पान उघडत नाही असं दिसलं तर आधी हेच बघा.

८ ते १० मार्च

महाशिवरात्रीला जोडून तीन दिवस मिळाले. पोल उभे केले. गावातला वायरमन आणि दोन पालक मदतीला, जीआय पाइप, ताणाच्या तारा, क्लॅम्प मिळून ५,९०० गेले. ४.२ किलोमीटरची लिंक उणे ५७ डीबीएमवर आली (सिग्नलचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), ६० एमबीपीएस पलीकडे जात होते. केंद्रशाळेच्या पोलवरून पलीकडच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर स्वच्छ दिसत होतं, त्याचा फोटो काढून ठेवला.

मधल्या उतारावर सगळी झाडं निष्पर्ण, नुसत्या काड्या उभ्या. एवढ्या अंतरावर मध्यभागी रेडिओच्या लाटेला साधारण सात मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते हे मला माहीत होतं, त्यातली निदान साठ टक्के तरी. मी हिशोब केला तो जमिनीच्या उंचीचा, झाडं मोजलीच नाहीत.

२३ मार्च, शनिवार

पहिलं लाइव्ह सत्र. शिकवायला माझ्याच शाळेतल्या गणिताच्या बाई, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या, परळला राहतात. त्यांच्या घरी कॅमेरा, लाइट, सगळा थाट केला. विषय: एकाच खोलीत चार वर्ग असताना बेरीज-वजाबाकी कशी घ्यायची. केंद्रशाळेत अकरा शिक्षक जमले, दोन्ही पाड्यांवरून तिघं जोडलेले.

सत्तर मिनिटांत चित्र एकोणीस वेळा अडकलं, मी मोजत होते. आवाज तुटायचा, बाईंना समोरचं काहीच ऐकू यायचं नाही, त्या दर दोन मिनिटांनी "येतंय का आवाज?" विचारायच्या. शेवटच्या अर्ध्या तासात चौघं उठून गेले आणि त्यांचं काही चुकलं नाही, शनिवारची सकाळची शाळा करून आले होते, पुढे घरी जायला वाहन नसतं. बाई नंतर म्हणाल्या, "अगं, मी भिंतीशी बोलले आज." मला फार वाईट वाटलं कारण त्यांनी त्या तासासाठी आठवडाभर तयारी केली होती.

६ एप्रिल, शनिवार

बाईंकडे परळला जाऊन बसले. त्यांनी एकच विचारलं, त्या शिक्षकांनी काय विचारलं होतं? मी म्हटलं, काहीच विचारलं नव्हतं, विषय आपणच ठरवला.

मग मागचं सगळं बोलणं निघालं. १९७५-७६ ला साइट नावाचा प्रयोग झाला, उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही, त्यात शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं. २००४ ला एज्युसॅट सोडला तो खास शिक्षणासाठी. बाई नोकरीत असताना महापालिकेच्या शाळांत व्हर्च्युअल क्लासरूम आल्या, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे शिकवणं आणि पडद्यावरून शिकणं दोन्ही त्यांनी जवळून पाहिलंय. त्यांचं म्हणणं, वरून खाली पोचवण्याची सोय आपण दर वेळी आधी करतो, खालून वर यायची वाट अरुंद राहते. पवईच्या आयआयटीने इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी देशभर ए-व्ह्यू या व्हिडिओ-सभेच्या सॉफ्टवेअरवरून कार्यशाळा घेतल्या, त्यात प्रत्येक केंद्रावर आधी शिकवून तयार केलेला समन्वयक बसलेला असायचा, दुतर्फा बोलणं व्हायचं. आमच्याकडे ना समन्वयक ना दुतर्फा.

त्या दिवशी वहीत आकडे मांडले. बाईंचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ ६०० केबीपीएसने साधारण १८० एमबी. शिक्षकाने फोनवर वर्गाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला तर नेहमीच्या सेटिंगला ३८० एमबीच्या आसपास, ०.३ च्या अपलोडने तो पाठवायला पावणेतीन तास. आणि चार मिनिटांचा नुसता आवाज, २४ केबीपीएसने, फक्त ७२० केबी. वीस सेकंदांत गेला.

ठरलं: लाइव्ह बंद, व्हिडिओ अगदी गरजेपुरता. शिक्षकाने आपली अडचण आवाजात सांगायची, बाईंनी चार-पाच मिनिटांत आवाजातच उत्तर द्यायचं, बाकीच्या शिक्षकांनी दोन्ही ऐकून आपलं सांगायचं. मॅडम जानेवारीत हेच म्हणाल्या होत्या.

१४ ते २८ एप्रिल

मूडलवर चर्चेचं पान आधीपासून होतं, मराठी भाषा लावलेली, तीन आठवड्यांत तिथे दोन पोस्ट आल्या आणि त्यातली एक भावाची. लोकांना लांब टाइप करायचं नसतं, फोनवर तर नाहीच. म्हणून एक साधं पान बनवलं, वर शाळेचं नाव, खाली एक मोठं बटण, दाबा आणि बोला.

माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं, तिकडे एकाही फोनवर माइक चालू होईना, परवानगीचा प्रश्नसुद्धा विचारत नव्हता. चार दिवस गेले. कारण असं की ब्राउझर माइक फक्त सुरक्षित पानालाच देतो, एचटीटीपीएस नसेल तर नाही, आणि आमचं पान नुसत्या आयपी पत्त्यावर. माझ्या लॅपटॉपवर चाललं कारण स्वतःच्याच मशीनवरच्या पानाला सूट असते. डोमेन घेतलं, मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट डीएनएसच्या पद्धतीने काढलं (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय; या पद्धतीत सर्व्हर बाहेरून दिसायची गरज पडत नाही) आणि तिकडच्या राउटरला सांगितलं की या नावाचा पत्ता इथलाच. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते मुंबईच्या व्हीपीएसवर नवं होतं आणि रात्री तिकडे जातं. काही फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू होतं, त्यांना आमचं नाव सापडत नव्हतं, ते प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बंद करावं लागलं. भावाने केलं.

सोबत अजून एक त्रास. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि आमचं पान गायब. फोन ज्या पत्त्यांवर इंटरनेट आहे का ते तपासतो तेवढे पत्ते बाहेर जाऊ दिले, मग टिकायला लागलं.

मे

काम नाही. २० मेला पालघरचं मतदान, शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर, वर उन्हाळी सुट्टी. वेळापत्रक करताना हे धरा, नाहीतर वाटतं लोक थंड पडलेत.

एकदा फक्त बॅटरी बघायला गेले. पाय, राउटर आणि रेडिओ मिळून १६ वॅट खातात, दिवसाला साधारण ३८५ वॅट-अवर, बॅटरी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही म्हटलं तर दीड दिवस निघतो. येताना रस्त्यात पाण्याचे टँकर दिसत होते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतलं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, मी भांडुपला नळ उघडते ते पाणी इथून येतं. तेव्हापासून हे काम अर्धवट सोडायचं नाही असं मनाशी घेतलं.

८ जून, शनिवार

६ तारखेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस, वीज कुठेतरी जवळ पडली. केंद्रशाळेतला एक रेडिओ आणि आतला स्विच जळाला, पाय वाचला. ६,१०० चं नुकसान. अर्थिंग मी पुढे ढकललं होतं, पोलला नुसती एक तार गुंडाळून जमिनीत सळई ठोकलेली, आतल्या सामानाचं अर्थिंग वेगळं, त्यामुळे दोन्हीकडच्या अर्थिंगच्या व्होल्टेजमधला फरक केबलमधून आत आला.

आता खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग केलं, पोल आणि आतलं सामान दोन्ही एकाच अर्थिंगला बांधलं, केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (अचानक आलेला जादा दाब जमिनीत सोडणारे) बसवले, एकूण ५,२००. हे फेब्रुवारीत केलं असतं तर वरचे ६,१०० वाचले असते. शिवाय एक साधा नियम: ढग गडगडायला लागले की जो कोणी शाळेत असेल त्याने रेडिओची केबल स्विचमधून उपटायची. भिंतीवर लाल बाण काढलाय.

१५ जूनला शाळा सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात आठ आवाज आले. बाईंनी आठही दोनदा ऐकले.

जुलै

या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ वाया गेला. मोठ्या लिंकचा सिग्नल उतरायला लागला. १ जूनला उणे ५७, २० जूनला उणे ६६, १० जुलैला उणे ७८, दिवसातून कितीतरी वेळा तुटायची. मी पावसाला दोष देत बसले. पण माहीत असायला हवं होतं की ५.८ गिगाहर्ट्झला चार किलोमीटरमध्ये अगदी कोसळणाऱ्या पावसातसुद्धा दोन-तीन डीबीच जातात, आणि पाऊस थांबला की ते परत येतात. इथे उघडीप असली तरी सिग्नल खालीच. तरी मी कनेक्टर बदलले, रेडिओची अदलाबदल केली, डिश पुन्हा फिरवून बघितली. ८ तारखेला तिकडे निघायचं होतं, पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटर पडला, लोकल ठप्प, ती सुट्टीही गेली.

२० जुलै. पोलवर वायरमन चढला, त्याला मी मार्चमधला फोटो फोनवर पाठवला आणि तिथूनच तसाच काढायला सांगितलं. मार्चच्या फोटोत पत्र्याचं छप्पर, जुलैच्या फोटोत हिरवी भिंत. साग. उन्हाळ्यात पानं झडलेली, जूनमध्ये पालवला, आणि सागाचं पान सुपाएवढं, त्यावर पाणी. माझी अख्खी लाट त्या पानांत जिरत होती.

झाडं तोडायचा विषयच नाही, परवानगी लागते आणि मिळाली असती तरी केलं नसतं. पवईच्या आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरमध्येच टीव्हीच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सी वापरून गावं जोडून बघितली होती, त्या खालच्या लहरी झाडांतून बऱ्या जातात, पण ते पट्टे आमच्यासारख्यांना वापरायला खुले नाहीत. ५.८ खुला आहे, म्हणून त्याला समोरचं दिसलं पाहिजे. मग उंची वाढवणं हाच मार्ग. गावात ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे, बारा मीटरची.

तुम्हाला सांगायचं तर, पाहणी ऑगस्टमध्ये करा. जानेवारी-मार्चमध्ये केलीत तर मधल्या झाडांना पानं आहेत असं धरून उंची काढा.

१५ आणि २४ ऑगस्ट

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत टाकीवर डिश लावायचा विषय मॅडमनी मांडला, मी मुद्दाम गेले होते. एका आजोबांनी विचारलं की याने पाण्याला काही होणार का. मी त्यांना डिश हातात दिली, वजन दाखवलं, कुठे क्लॅम्प बसणार, टाकीला भोक पाडणार नाही ते दाखवलं. मंजूर झालं.

२४ ला बसवली. उणे ६१, भर पावसात. छोटी लिंक पहिल्यापासून दरीवरून जाते, तिला काही झालं नाही.

सप्टेंबर

आता लाइन चांगली तर डेटा पुरेना. जुलैच्या सुरुवातीला रिचार्ज महागले होते, आमचं रोज २ जीबीचं सिम, ते सकाळी साडेअकराला संपलेलं असायचं आणि मग ६४ केबीपीएस. बघितलं तर शिक्षकांचे फोन वायफायला लागले की ॲप अपडेट आणि फोटोंचे बॅकअप सुरू. मी वायफायवरून बाहेरचं इंटरनेट पूर्ण बंद केलं, फक्त आपलं पान चालेल असं.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रशाळेत येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर. भावाला विचारलं तर म्हणाला, "ताई, लोक तुझ्या पानासाठी नव्हते येत, पोषण आहाराची माहिती भरायला यायचे, आल्यावर तुझं पान ऐकायचे." हे मला आधी कळायला हवं होतं. शिक्षकाच्या डोक्यावर रोजची ऑनलाइन माहिती असते, शाळेची, मुलांची, आहाराची, आणि त्यासाठी तो रेंज शोधत फिरतो. ते ओझं थोडं हलकं केलं तरच तो शिकायला मोकळा होतो.

म्हणून दुपारी ३ ते ४:३० बाहेरचं इंटरनेट सगळ्यांना, पण राउटरवर केक नावाची रांग लावली, म्हणजे एकाचा बॅकअप बाकीच्यांची वाट अडवत नाही, आणि ॲप अपडेटचे पत्ते बंद. मुंबईशी देवाणघेवाण रात्री ११ ते १२, त्या दिवसाचा उरलेला कोटा वापरून. सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपमधला मजकूर उतरवून ऑफलाइन बघता येतो, तेही आता लोक याच दीड तासात करून घेतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

मागच्या चार महिन्यांतले आवाज सलग ऐकले. पूर्वी मी सर्व्हरचे आकडेच बघायचे.

एक मॅडम मराठवाड्यातून आल्यात, दुसरीतली मुलं वारली बोलतात. त्यांनी सांगितलं की हातच्याची बेरीज मुलांना फळ्यावर जमत नाही, पण आईबरोबर बाजारात बसणारी मुलगी सुट्टे पैसे बिनचूक देते. बाईंचं उत्तर साडेचार मिनिटांचं: फळा आठवडाभर बाजूला ठेवा, दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घ्या, दहा नाणी झाली की मुलीलाच नोट बदलून घेऊ द्या, हातचा म्हणजे ती बदललेली नोट, मग बांबूच्या काड्यांचे गठ्ठे, मग फळा. त्याखाली चार किलोमीटरवरच्या पाड्यावरचे सर, जे स्वतः वारली आहेत, त्यांनी "बदलून घे" आणि "उरलं" हे मुलांच्या बोलीत कसं म्हणायचं ते बोलून पाठवलं. पंधरा दिवसांनी मॅडमचा परत आवाज, मागे वर्गाचा गलका, मुली काड्या मोजतायत.

हे मुंबईहून कुणी कितीही चांगलं शिकवलं असतं तरी आलं नसतं, ते शब्द त्या सरांकडेच होते. नेटवर्कने एवढंच केलं की एका डोंगरावरचं दुसऱ्या डोंगरावर गेलं.

मुलांचा आवाज येतो म्हणून केंद्रप्रमुख मॅडमनी सगळ्यांशी बोलून नियम केलाय: नाव नाही, फोटो नाही, मुलांचा आवाज असलेली फाइल केंद्राच्या सर्व्हरबाहेर जायची नाही. वरचं रेकॉर्डिंग मी तिथे बसूनच ऐकलं, बाईंकडे फक्त त्या शिक्षिकेचा भाग पाठवला.

३० नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक २० तारखेला झाली, शिक्षक पुन्हा ड्युटीवर, पंधरा दिवस एकही आवाज नाही. त्यात दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेतून कमी झाली. दोन शिक्षकांनी यावरच बोलून पाठवलंय, परत आल्यावर या मुलांचं काय करायचं. बाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही, म्हणाल्या मला विचार करू दे, बाकीच्यांना आधी बोलू दे.

हिशोब केला. अकरा फेऱ्यांचे ९,९०० धरून आतापर्यंत ८६,८६० रुपये, त्यातले कॅमेऱ्याचे आणि विजेत जळालेल्याचे मिळून १३,६०० अक्षरशः गेले. सिम आणि व्हीपीएसचा खर्च वेगळा.

ज्या सहा शाळांत काहीच नाही त्यांचं अजून मनासारखं झालेलं नाही. तिथले शिक्षक आपल्या फोनवर आवाज भरतात आणि शिक्षण परिषदेला किंवा कागद द्यायला केंद्रात आले की चढवतात. प्रश्न आणि उत्तरात तीन आठवडे जातात. एका शाळेतून पाण्याची टाकी दिसते, बाकी पाच दरीत आहेत. मॅडमनी सुचवलंय की त्या स्वतः शाळाभेटीला जातात तेव्हा एक जुना फोन सोबत नेतील, तिथे उत्तरं उतरवायची, तिथले आवाज घ्यायचे, परत आल्यावर सर्व्हरला लावायचा. पुढच्या आठवड्यापासून करून बघतोय.

१४ डिसेंबर, शनिवार

मॅडमच्या फोनमधून पाच आवाज आले, दोन अशा शाळांतून जिथून वर्षभर काहीच आलं नव्हतं. एका सरांचा फक्त चाळीस सेकंदांचा आहे, चौथीतला एक मुलगा वाचतो पण एक शब्द बोलत नाही, काय करू.

टाकीवरची लिंक उणे ६०. सागाची पानं अजून आहेत. बाईंना संध्याकाळी पाचही आवाज ऐकवले, त्या चाळीस सेकंदांवर थांबल्या आणि म्हणाल्या जानेवारीत मला तिकडे घेऊन चल, याला इथून उत्तर देता येणार नाही. १८ जानेवारीचं ठरवलंय, सकाळची कसारा लोकल, बाईंना जीपमध्ये पुढची सीट मिळेल असं भाऊ बघतोय.